पाणी संपेल म्हणून आंघोळ नको म्हणणारा मुलगा

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

दक्षिण नागपुरात घराच्या तळमजल्यावर त्या ११ वर्षांपासून बालवाडी चालवतात. अडीच ते पाच वर्षांची ३८ मुलं, दोन शिक्षिका, एक मदतनीस मावशी. यंदा त्यांनी ‘पर्यावरण’ हा वर्षाचा विषय घेतला. दर शनिवारी एक तास त्यासाठी ठेवला, जुलैत १५ रोपं लावली, भिंतीवर ‘पृथ्वी वाचवा’ची चित्रं लावली. जानेवारीत मुलांना एक छोटी फिल्म दाखवली: बर्फ वितळतोय, जंगल जळतंय, अस्वलाचं पिल्लू उपाशी आहे. तेव्हापासून चार वर्षांचा एक मुलगा घरी आंघोळ करू देत नाही. ‘पाणी संपेल, मग आई मरेल’ म्हणून रडतो. त्याच्या वडिलांनी इतर पालकांसमोर सुनावलं, ‘आम्ही फी एबीसीडीसाठी भरतो, पोराला घाबरवायला नाही.’ माती खेळायची म्हटली की मावशी चिडते. लाकडी खेळण्यांचा संच परवडत नाही. १५ पैकी दोनच रोपं जगली. त्या विचारतात: ही मुलं या विषयासाठी फार लहान आहेत का? हे सगळं सोडून द्यावं का?

ताई, नमस्कार.

आधी त्या मुलाबद्दल. बाकी सगळं पंधरा दिवस थांबलं तरी चालेल, त्याचं थांबून चालणार नाही.

चार वर्षांच्या लेकराला ‘पुढच्या पन्नास वर्षांत’ म्हणजे काय ते कळत नाही. त्याचं ‘पुढे’ म्हणजे उद्या, फार तर आजीकडे जायचा रविवार. पडद्यावर जळणारं जंगल आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आहे की जगाच्या दुसऱ्या टोकाला, हेही त्याला ठरवता येत नाही. त्यामुळे ‘पाणी संपतंय’ हे त्याने जसंच्या तसं घेतलं आणि आपल्या न्हाणीघरातल्या बादलीला लावलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. त्याने तुमचा शब्द खरा मानला.

म्हणून त्याला ‘ते खोटं होतं रे’ म्हणू नका. ‘एवढ्याशा गोष्टीला रडतोस?’ तर मुळीच नको. त्याच्या आईला विश्वासात घ्या आणि दोघींनी मिळून त्याला तेच ते, शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगा: आपल्या घरी आज पाणी आहे, उद्याही येणार आहे. ते पेंचच्या धरणातून आणि कन्हान नदीतून येतं, मोठ्या नळांतून टाकीत चढतं, टाकीतून आपल्या नळात उतरतं. ते आणायचं काम मोठी माणसं करतात, मुलांनी त्याची काळजी करायची नसते. एवढं झालं की त्याच्या हाताला एक काम द्या. आंघोळीला बसताना साबण लावायच्या आधी अंगावर घेतलेले दोन तांबे एका परातीत धरायचे आणि ते पाणी त्याने स्वतः कढीपत्त्याला घालायचं. पाणी ‘संपलं’ नाही, कढीपत्त्याकडे गेलं, हे त्याला डोळ्यांनी दिसू द्या. तीन-चार आठवड्यांत रडणं ओसरलं नाही किंवा झोप-जेवण बिघडलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा.

आणि त्याच्या आईवडिलांची माफी मागा. त्यांनी चारचौघांत सुनावलं, तशी तुम्हीही चारचौघांत मागा. याने तुमचा मान कमी होणार नाही.

हे मी वरून सांगत नाहीये. मी स्वतः बालवाडीत २२ वर्षं काढली. २०१८ च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा मोठ्या हौसेने आम्ही ‘प्लास्टिक राक्षस’ नावाचं नाटुकलं बसवलं. एका मुलीचे वडील आठवडी बाजारात कॅरीबॅगा विकायचे. ती घरी जाऊन त्यांना म्हणाली, ‘बाबा, तू राक्षस आहेस.’ दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. भांडले नाहीत. फक्त एवढंच विचारलं की मॅडम, आता मी पोरीला काय सांगू? माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मोठ्यांनी केलेला आणि मोठ्यांनीच सोडवायचा गुंता मी पाच वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवला होता, आणि तोही तिच्या घरातल्या भाकरीच्या विरोधात उभा करून.

आता तुमचा प्रश्न. मुलं लहान आहेत का? नाहीत. पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात: पर्यावरण शिकवायचं म्हणजे धोक्याची माहिती द्यायची. त्या माहितीसाठी मुलं लहान आहेत, हे खरं. पण मुंगी कुठे चालली ते बघायला, ओल्या मातीत हात घालायला, सांडलेलं पाणी पुसायला, डब्यातला घास मित्राला द्यायला ती लहान नाहीत. उलट हेच वय त्यासाठी आहे. ज्या झाडाखाली खेळलो ते झाड आपलं वाटतं. आपलं वाटलं तर पुढे दहाव्या-बाराव्या वर्षी जंगलतोडीबद्दल ऐकून त्या मुलाला काहीतरी करावंसं वाटेल. हा क्रम आपण उलटा करतो. ओळख व्हायच्या आधीच सुतक सांगतो.

दुसरी गोष्ट तुमच्या शनिवारच्या तासाची. शनिवारी आपण ‘पाणी जपा’ म्हणतो आणि सोमवारी ३८ मुलं उघड्या नळाखाली हात धुतात, तेव्हा मुलं सोमवारचं शिकतात. माझं म्हणाल तर तो तास बंद करा. भिंतीवरची चित्रंही काढा, निदान रडणारी पृथ्वी तरी. आणि तुमच्या रोजच्या दिवसाकडे नव्याने बघा: दार उघडल्यापासून शेवटचं मूल घरी जाईपर्यंत इथे पाणी कुठे जातं, कागद कुठे जातो, खाणं कुठे जातं, कोण काय उचलतं?

हात धुण्याच्या जागेपासून सुरुवात करा. एक दिवस नळाखाली बादली ठेवा आणि सगळ्यांचे हात धुऊन किती बादल्या भरतात ते बघा. हे मोजणं तुम्ही आणि शिक्षिकांनी करायचं, मुलांना आकडे सांगायचे नाहीत. मग नळ बंद, आणि मुलांच्या उंचीचं स्टूल, त्यावर तोटीचं छोटं पिंप, खाली टब. पिंपावर बाहेरून एक रबरबँड चढवा. सकाळी पाणी त्या रबरबँडपर्यंत भरायचं. दुपारी किती खाली गेलं ते मुलं रोज येऊन बघतील, तुम्ही सांगायची गरज पडणार नाही. ‘आज खूप उरलं’, ‘आज खाली गेलं, कारण आपण रंग खेळलो’ हे त्यांचं ती बोलतील. कमी-जास्त, वर-खाली, अर्धं-पूर्ण, सगळं गणित त्या पिंपावर आहे. वडील एबीसीडी मागतात ना, त्यांना हे दाखवा.

मग डब्याची वेळ. सध्या संत्र्याचा मृग बहार बाजारात आहे, डब्यांत संत्री येतच असतील. सालं कचऱ्यात जाऊ देऊ नका. एका ताटात गोळा करा आणि मुलांना त्यांचे बारीक तुकडे करायला बसवा. मी हे करायचे तेव्हा एक मुलगी साल मध्येच दुमडायची, त्यातून तो बारीकसा फवारा उडायचा, आणि ती नाकाशी नेऊन डोळे मिटून बसायची. बाजूच्याच्या डोळ्यांत गेलं की तो ओरडायचा, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून दुमडायला लागली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होतोय हे बघून तिने आपली बसायची दिशा बदलली. मला विचाराल तर त्या वर्षातलं ते सगळ्यात चांगलं शिक्षण होतं.

ते तुकडे एका जुन्या, झिरपणाऱ्या माठात टाका. प्रत्येक थरावर सुकलेला पाला. आत्ता फेब्रुवारी-मार्चात कडुनिंब पानं गाळतोय, नागपुरात पाल्याला तोटा नाही. शिजलेलं अन्न पहिल्या वर्षी घालू नका, वास येतो आणि सगळे कंटाळतात. वास आलाच तर पाला वाढवा, फार कोरडं वाटलं तर पाणी शिंपडा. साधारण अडीच-तीन महिन्यांत खत होतं. म्हणजे जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतील तेव्हा मुलांना माठ उलटा करून दाखवता येईल, की आपली सालं कुठे गेली.

खेळण्यांच्या पैशांबद्दल तुम्ही फार वाईट वाटून घेतलंय. तो संच घेऊ नका. असलेली प्लास्टिकची खेळणी फेकून नवीन लाकडी आणणं यात पर्यावरणाचं काय भलं होतंय? जी आहेत ती धुऊन, जोडून, तुटेपर्यंत वापरा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या दगड, शिंपले, पानं, बिया यांवरच. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. इटलीत रेज्जो एमिलिया नावाचं शहर बालशिक्षणासाठी जगभर ओळखलं जातं. तिथे १९९६ पासून एक केंद्र कारखान्यांतली उरलीसुरली कापडं, पुठ्ठे, लाकडाचे तुकडे गोळा करून बालशाळांना देतं. तुमच्या आसपास शिंपी आहे, सुतार आहे, पुठ्ठ्याच्या खोक्यांचं दुकान आहे. दोन रविवार फिरलात तर खोली भरेल.

फक्त एक सावधगिरी. लाल-काळ्या गुंजा दिसायला फार सुंदर म्हणून आपण मोजायला ठेवतो. त्या विषारी आहेत, कधीही ठेवू नका. एरंडाच्या बिया, कण्हेर, धोतरा हेही आवारात नको. आणि चिंचोके, मणी, मटारएवढ्या बिया तीन वर्षांखालच्या मुलांच्या हातात नको, नाका-घशात जातात. लहान गटाला मुठीत न मावणाऱ्या वस्तू द्या: करवंट्या, मक्याची कणसं, नदीतले मोठे गोटे.

आणि ताई, आपल्या नागपूरला कोणी टिकाऊ खेळणं म्हणजे काय हे शिकवावं? तान्ह्या पोळ्याला पोरं जो लाकडी बैल ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला जातात, तो कित्येक घरांत आजोबांच्या वेळचा असतो. चाक निघालं तर सुतार बसवून देतो, रंग उडाला तर बाप पुन्हा लावतो. यंदा पोळ्याच्या आधी पालकांना एवढंच सांगा की घरातला जुना बैल पाठवा, नवीन विकत आणू नका. ज्यांच्या घरी नसेल त्यांच्यासाठी पुठ्ठ्याचा आपण करू. मग प्रत्येक बैल किती वर्षांचा, कोणाकोणाचा होता, हे आजी-आजोबांना बोलावून मुलांना ऐकवा.

आता मावशी. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल एकच वाक्य आहे, ‘मावशी चिडते’. मी त्या वाक्यावर बराच वेळ थांबले.

माती खेळून झाल्यावर ३८ मुलांचे ७६ पाय, फरशी, न्हाणीघर आणि शेवटी गच्च झालेली मोरी कोण धुतं? तिचा पगार वाढला का? तिची घरी जायची वेळ पुढे गेली का? शाश्वत विकासाची जी व्याख्या जगभर वापरली जाते ती १९८७ च्या ब्रुंटलंड आयोगाची. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवायच्या, हा तिचा अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो. त्याच व्याख्येत पुढे म्हटलंय की गरिबांच्या मूलभूत गरजांना सगळ्यात वरचं स्थान द्यायचं. हा भाग बहुतेक वेळा गळतो. झाडं जगवताना मावशीची कंबर मोडत असेल, तर मुलं तेही बघत असतात. चांगल्या कामाचा घाम कोणाच्या वाट्याला जातो, हे त्यांना आपोआप कळतं.

म्हणून तिच्यासोबत बसा, चहा करा आणि विचारा की काय केलं तर तुझं काम वाढणार नाही. ती उपाय सांगेल, बघा. माझ्या बालवाडीतल्या मावशींनी सांगितलं होतं: माती एकाच कोपऱ्यात, रोज नाही, आठवड्यातून दोनदा. कोपऱ्याला विटांची कड. बाहेर पडताना दोन घमेली, पहिल्यात पाय बुडवायचे, दुसऱ्यात धुवायचे, मग गोणपाटावर पुसायचे. शेवटचं पाणी झाडाला. मुलांनी आपापला कोपरा ओल्या फडक्याने पुसायचा. आणि तरीही काम वाढलं, तर त्या तासाचे पैसे द्या. रोपांवर, चित्रांवर आणि फिल्मवर जो खर्च झाला तो मावशीला दिला असता तर जास्त कामी आला असता, असं मला मनापासून वाटतं.

तिला आणखी एक विचारा: लहानपणी पावसाळ्यात रानातली कोणती भाजी खायचात? तरोटा, अंबाडी, चिवळ, ही नावं तुमच्या दोन्ही शिक्षिकांना येत नसली तरी तिला येत असण्याची शक्यता खूप आहे. पहिल्या पावसानंतर तिला पंधरा मिनिटं मुलांसमोर बसू द्या. ज्या बाईला मुलांनी रोज फक्त झाडू हातात घेतलेली पाहिलं, ती शिकवताना दिसू दे.

पालकांची भीती मला समजते, आणि तिला तुच्छ लेखू नका. इंग्रजी आलं नाही तर पोरगं मागे पडेल, ही भीती त्यांनी स्वतः भोगलेली असते. त्यांना सांगा की २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने वय वर्षं तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानलाय, आणि २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचाही भर खेळातून शिकण्यावर आहे. पण नुसतं धोरण सांगून आई-बाप ऐकत नाहीत. एका सकाळी चार-पाच पालकांना बोलवा आणि पिंपाजवळ, माठाजवळ अर्धा तास उभं करा. कोणी जंतांबद्दल विचारेल. प्रश्न रास्त आहे. माती खेळल्यावर साबणाने हात, नखं कापलेली, मांजर-कुत्र्यांनी घाण केलेली माती नाही, रात्री मातीचा कोपरा झाकलेला. शिवाय १ ते १९ वर्षांच्या मुलांना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, अंगणवाडी आणि शाळांतून जंतनाशक गोळी मिळते, ती चुकवू नका असं सांगा.

रोपांचं दुःख करू नका. नागपुरात जुलैत लावलेलं रोप एप्रिल-मे काढेल का, हा खरा प्रश्न असतो, आणि आपण जुलैतच फोटो काढून मोकळे होतो. इथे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या उन्हात कोवळं रोप जगवायला रोज पाणी देणारा माणूस आणि सावली दोन्ही लागतं. पुढच्या वर्षी नवीन १५ लावू नका. जगलेली दोन सांभाळा आणि शेजारचं एखादं मोठं झाड मुलांचं करा. आठवड्यातून एकदा त्याच्याखाली बसायचं, बस. पानगळ, कोवळी तांबूस पालवी, मोहोर, निंबोळ्या, पहिल्या पावसात बुंध्याशी फिरणारे मखमली लाल मृगाचे किडे. वर्षभराचा अभ्यासक्रम एका कडुनिंबावर आहे.

उन्हाळ्याचं मात्र गांभीर्याने घ्या. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि खेळात तहान लागलेली त्यांना कळत नाही. मार्चच्या मध्यापासून बाहेरचं सगळं सकाळी नऊच्या आत. कुलर लावाल तेव्हा आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम. पाच वर्षांच्या गटाला त्या पाण्यातल्या वळवळणाऱ्या अळ्या काचेच्या बरणीत, झाकण लावून, एकदा दाखवायला हरकत नाही. घाबरवायला नाही, बघायला.

हे वाचणाऱ्या अंगणवाडी सेविकांनाही सांगते, तुमच्याकडे एकच खोली आणि वर नोंदींचं ओझं असतं हे मला ठाऊक आहे. यातलं एकच करा: हात धुतलेलं पाणी साठवून दाराशी एक अंबाडी किंवा पालक वाढवा, आणि पोषण आहाराच्या भांड्यात ती भाजी पडताना मुलांना दिसू द्या.

ताई, तुमच्यासाठीही या आठवड्याला एकच. गळका नळ असेल तर दुरुस्त करून घ्या. प्लंबर येईल तेव्हा त्या मुलाला जवळ उभं करा, पाना धरू द्या. वॉशर बदलला की थेंब थांबतो. ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. आणि घरी जाताना जुना वॉशर त्याच्या खिशात द्या, बाबांना दाखवायला.